कालचाच माल

"ताई, नाशकात कांदे मिळायचे बंद झाले का?" भाऊ फोनवर हसत म्हणाला. मी त्याला दोन गोण्या कांदे पाठवायला सांगितले होते. निवडलेले नकोत, शेतातून काढले तसेच हवेत, असंही सांगितलं होतं.

"खायला नकोत," मी म्हणाले. "आईला निवडायला हवेत."

तो हसायचा थांबला. तो चांदवडजवळ आमची शेती बघतो. मी नाशिकला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दिवाळीनंतर आईला मी माझ्याकडे आणलं, कारण शेतावर विहीर होती, रस्ता होता, आणि तिच्यामागे सतत फिरायला कोणी नव्हतं.

आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. पुढे काय होईल आणि कधी होईल, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती, त्यामुळे सवयीने मी या विषयावरची पुस्तकं आणली. त्यांत आजाराच्या पायऱ्या दिल्या होत्या. आई कुठल्याच पायरीवर नीट उभी राहत नव्हती. सकाळी आजोबांच्या बैलांचे रंग सांगायची आणि दुपारी संडासाचं दार कुठलं ते तिला सापडायचं नाही. वडील गेले तेव्हा तेरा दिवस होते, माणसं येत-जात होती, काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. समोर बसून बशीत चहा ओतणाऱ्या माणसाचा शोक कसा करायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ती माझं नाव विसरली तेव्हा मी तिला रोज आठवण करून देत असे. "आई, मी तुझी मुलगी." ती माझ्याकडे बघायची, मग घाबरायची. आपल्याला एक मुलगी आहे आणि आपण तिला ओळखत नाही, हे तिला त्या क्षणी कळायचं. काही आठवड्यांनी मी ते सांगणं बंद केलं. ती मला "ए बाई" म्हणू लागली आणि मी "ओ" देऊ लागले.

मे महिन्यात ती घराबाहेर पडू लागली. दोनदा मला ती महामार्गापाशी सापडली. पायात चपला, हातात रिकामी पिशवी, आणि चांदवडला नेतोस का, असं ती रिक्षावाल्याला विचारत होती. "आभाळ आलंय. चाळ उघडी पडली हाय," ती म्हणत होती. उन्हाळ कांदा ज्यात साठवतात ती कांदाचाळ वडिलांनंतर वीस वर्षं तिनेच सांभाळली होती.

दुसऱ्या वेळी भाऊ म्हणाला, "ताई, मी एक जागा बघून ठेवली आहे. स्वच्छ आहे, बायका चांगल्या आहेत. महिनाअखेर त्यांना हो-नाही कळवायचंय." त्याचं चुकत नव्हतं. मी साठीच्या जवळ आले आहे, मुदतीआधी नोकरी सोडली आहे, आणि जिन्यावरून आईला ओढत वर आणण्याएवढं बळ माझ्यात नाही. पण मला तिला पाठवायचं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत वेळ होता. तेव्हा मी कांदे मागवले.

बाहेरच्या खोलीत गोणपाट पसरलं आणि गोण्या ओतल्या. आई सोफ्यावरून उठली, साडी खोचली आणि खाली बसली. तिला काही सांगावं लागलं नाही. मोठा कांदा एकीकडे, मध्यम दुसरीकडे, लहान म्हणजे गोल्टी तिसरीकडे, सडका दाराशी. अंगठ्याने ती प्रत्येकाची मान दाबून बघायची. जाड मानेचा टिकत नाही. चारेक तास ती हलली नाही. मधेच मला म्हणाली, "ए बाई, हुबी काय? चहा टाक. मालकीण काय पळून जात नाय."

त्या दिवशी तिने दाराकडे बघितलंही नाही.

दोन गोण्या दोन दिवसांत निवडून झाल्या. मग मी युक्ती काढली. शेजारच्या काकू संध्याकाळी आईला खालच्या बागेत घेऊन जात. तेवढ्या अर्ध्या तासात मी सगळे ढीग पुन्हा एकत्र करत असे. सकाळी तिला वाटे, नवा माल आला. तिला कालचा दिवस आठवत नाही, मग कालचा कांदा कुठून आठवणार? स्वतःच्या हुशारीचं मला कौतुकही वाटलं. ग्रंथालयात उन्हाळ्यात आम्ही पुस्तकं खाली काढून पुन्हा लावायचो. पुस्तकाला त्याने काही होत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी आईने एक कांदा उचलला, खिडकीशी धरला, दुसरा उचलला. मग हात झटकले.

"हा माल कुणी हाताळला?"

"का हो?"

"पत्ती उतरलीय. बघ की, नागडा झालाय. कांद्याला असा रोज हात लागत नाय." पत्ती म्हणजे कांद्याची वरची लाल साल. ती गेली की कांदा टिकत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "हा कालचाच माल हाय. परवाचा पण हाच. तूच मिसळती ना?"

खोटं बोलता आलं असतं. तिला दिवस, वार, वर्ष, मुलगी, काहीच आठवत नव्हतं. पण कांदा तिला खोटं सांगत नव्हता, आणि मलाही सांगवेना.

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला काम राहावं म्हणून."

"म्हंजे मी येडी, अन् तू शाणी व्हय?" ती हळूहळू उठली. "चार-चार तास कंबर मोडली मी. चेष्टा लावली माझ्या कामाची? उद्यापासून येऊ नको."

"आई..."

"आई-बिई काय नाय. चल, निघ."

आईने मला कामावरून काढून टाकलं. दिवसभर तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. जेवण काकूंनी भरवलं. संध्याकाळी ती पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली आणि कडी वाजवत राहिली. मी स्वयंपाकघरात बसून होते. भावाला फोन करून हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. महिना संपायला चार दिवस होते.

तो फोन मी केला नाही. तिथे बसून मला एवढं मात्र समजलं, की ती रागावली होती ते बरोबर रागावली होती. मी तिचे हात गुंतवले होते, तिला काम दिलं नव्हतं. काम म्हणजे ज्याचं पुढे काहीतरी होतं ते.

सकाळी भावाला फोन केला. "दर आठवड्याला दोन गोण्या पाठव. तुझा टेम्पो नाशकात येतोच. आणि निवडलेला माल परत ने."

"नेऊन काय करू?"

"वीक. दुसरं काय करतात कांद्याचं?"

"ताई, तू पण..." तो म्हणणार होता ते त्याने गिळलं. मग म्हणाला, "निवड नीट असेल ना? व्यापारी मला तोंडावर बोलतो."

"ते मालकिणीला विचार."

त्याच दुपारी त्याने नव्या गोण्या पाठवल्या. मी त्या दाराबाहेरच ठेवून घेतल्या. मग चपला घातल्या, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि घंटा वाजवली. काकूंनी आतून दार उघडलं, मागे आई उभी होती.

"मावशी, काम आहे का?" मी विचारलं.

तिने मला पायापासून वर बघितलं. "कुठली तू?"

"चांदवडकडची."

"मग कांदा येत आसंल. आधी कुठं होती कामाला?"

"पुस्तकांच्या कामाला."

"दाखव हात." तिने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. कित्येक महिन्यांत तिने आपणहून माझा हात धरला नव्हता. "लय मऊ हायेत. कालची एक होती, तिचे पण आसेच. माल मिसळायची. हाकलली तिला." चेहरा ती विसरली होती, राग विसरली नव्हती.

"बरं केलंत," मी म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"चल, ओत गोण्या."

शनिवारी भाऊ स्वतः आला. कांद्याचे ढीग त्याने वाकून बघितले, हातात घेतले, गोण्यांत भरले. त्याने गोणी उचलून खांद्यावर टाकली तशी आई ओरडली, "फेकू नको रे, ठेव! तुझ्या बापाचा माल हाय का?" तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय मावशी." जिन्यात त्याने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "त्या जागेवाल्यांना मी 'नाही' असं कळवतो."

"आत्ता नाही म्हण," मी म्हणाले. "पुढे लागलं तर मीच तुला सांगेन." पुढे लागणार नाही असं मी म्हणत नाही. ती आता सहा वाजले की थकते. घास तोंडात धरून बसते. पण त्या दिवसापासून ढीग मी कधी मोडले नाहीत, आणि रोज तिच्या शेजारी बसून खरंच कांदा निवडायला शिकते आहे. तिचे हातही विसरतील तेव्हा निवड येणारं कोणीतरी घरात असलं पाहिजे.

परवा तिने एक जोड कांदा मोठ्या मालात टाकला. जोड म्हणजे एका सालीत दोन कांदे. तो वेगळा काढायचा असतो. असं तिच्या हातून आधी झालं नव्हतं. मी तो उचलून तिच्यापुढे धरला.

"मावशी, हा कुठे टाकू?"

तिने तो हातात घेतला, फिरवला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"जोड आहे."

"मग टाक की बाजूला. दर येळेला मला काय इचारती?"

मी कांदा बाजूला टाकला आणि पुढचा उचलला.