चांदीची एकसंध वीट

१२ जून, सकाळी १०.४०. प्रयोगशाळेत तापलेल्या साच्याला जवसाचे तेल लावले आणि त्या करपट वासाने मला अकोल्यातल्या बाबांच्या छोट्या कारखान्यात नेले. तेव्हा मी अकरावीत होते. मुशीत किलोभर चांदी वितळली होती आणि ती ओतू देण्याचा हट्ट मी वर्षभर धरला होता.

“हात भाजला त तुयी माय मले जेवाले देनार नाई,” म्हणत बाबांनी अखेर सांडशी माझ्या हाती दिली. धार मध्येच तुटली, की विटेवर घडी पडते आणि सगळे पुन्हा वितळवावे लागते.

“थांबू नको, पोरी!”

मी थांबले नाही. सारे एकटीने केले, असे तेव्हा वाटले. माझ्या कोपराखाली त्यांचा उघडा तळहात होता. ओघळ सुटला असता, तर आधी त्यांचाच हात भाजला असता, हे आज उमगते.

वीट एकसंध निघाली. तिच्यावर स्वतःचा शिक्का मारून बाबा म्हणाले, “वजन तूच लिही.”

मी लिहिले: ९९८ ग्रॅम.