उन्हाच्या चौकोनातल्या कुरडया

शेवगावच्या पुढे माळावर मोनिकाताई नावाच्या पुण्याच्या चित्रकार बाईंनी एक खोली बांधली. आत चित्र नाही, मूर्ती नाही, खिडकीसुद्धा नाही. छपराला फक्त काचेचा चौकोनी झरोका. त्यातून उन्हाचा चौकोन फरशीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. लोकांनी गप्प बसून तो बघायचा, एवढंच.

दारावर राखणीला बनुबाई. दहा वर्षं ऊसतोडीला गेलेली बाई. या नोकरीमुळे दोन हंगाम कोयता खुंटीला लागलेला. खोली चालली तर नोकरी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून येईल त्याला ती धरून आत बसवायची.

पण लोक बसतील तर ना! शिंगणापूरहून परतणारे भाविक "देव कुठंय?" म्हणत आणि देव नाही कळल्यावर पायात चपला सरकवत. एकानं नारळ फोडायची जागा विचारली. मी निवृत्त मास्तर, जाणकार म्हणून मिरवणारा. मी चार मिनिटं बसलो, त्यातली दोन घड्याळ बघण्यात गेली. खोटं कशाला बोलू?

चैत्रात ताईंचा फोन आला. शनिवारी येते, कोणी बघत नसेल तर खोली बंद करू. बनुबाई धावत माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमी सांगा, लोकं लई येळ बसत्यात म्हनून." मी कबूल केलं. तेवढं खोटं मला चाललं असतं.

शनिवारी ताई ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आल्या. आम्ही दोघं दार उघडतो तर बनुबाई आत, आणि उन्हाच्या चौकोनात परातभर कुरडया वाळत घातलेल्या.

"हे काय, बनुबाई?" ताईंनी विचारलं.

बनुबाईला समोर कोयताच दिसला असणार. ती घाबरून बोलतच सुटली. "चुकलं, ताई. भाईर धूळ, कावळं. हितं दोनी न्हाई. पर ऊन एका जागी ठरत न्हाई. सकाळी त्या भेगेवर येतं, जेवनाच्या टायमाला मधी, मंग तिकडं कोपऱ्यात. परात सरकवीत बसावं लागतं. पौषात तर दुपारी पार त्या भिंतीला लागायचं. तवा बोरं वाळवली हुती."

मी कपाळावर हात मारला. बोरांचं कोणी विचारलं होतं?

ताई मात्र फरशीवर बसल्या. "तुम्ही वर्षभर हे बघताय?"

"बघती कुठं, ताई? राखन करती."

आम्ही तिघं बसून राहिलो. हळूहळू ऊन परातीच्या काठावरून उतरलं. बनुबाईची चुळबुळ सुरू झाली, पण उठायचं धाडस होईना. शेवटी ताईंनीच हात लांबवून परात उन्हात ओढली.

"पापडांना एवढी परात पुरेल का?" त्यांनी विचारलं.

बनुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मोठी हाय घरी."