बिनशाईचं बोट

पुण्याहून भाच्याने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला आणि मला २००७ सालची, इथल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली ती गारठलेली संध्याकाळ आठवली.

आमच्या शेजारचे वझेकाका सिटी कौन्सिलला उभे होते. बर्फात त्यांच्या नावाच्या पाट्या रोवायला आम्ही सगळे मराठी हजर, पण बहुतेक जण व्हिसावरचे, त्यांना मत कुठलं? मी मात्र त्याच हिवाळ्यात सिटिझन झालो होतो. काकांनी मुद्दाम शिकागोतल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून पेढे आणले होते. ‘‘चला, माझं एक मत पक्कं झालं,’’ म्हणाले होते.

मतदानाच्या दिवशी शिकागोहून येणारी ट्रेन लेट झाली. स्टेशनवरून ड्राइव्ह करताना शाळेतलं केंद्र अजून उघडं दिसलं. मला भूक लागली होती. एका मताने काय होतंय, म्हणत मी गाडी थांबवली नाही.

काका हरले, आणि चांगलेच हरले. त्यांच्या बेसमेंटमध्ये काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीचा वास भरला होता, पण कुणी ताटली उचलत नव्हतं.

‘‘तू दिलंस ना रे?’’ काकांनी हळूच विचारलं.

‘‘दिलं, काका.’’

त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. तेव्हा वाटलं, सुटलो. माझ्या मताने निकाल बदलला नसता, म्हणून तर ते खोटं आज जास्त सलतं. काका आता नाहीत.

भाच्याचा पुन्हा मेसेज आला, ‘मामा, तुमच्याकडे शाई लावत नाहीत, मग मत दिलं की नाही ते कळतं कसं?’

‘कळत नाही,’ मी लिहिलं.