कृष्णाचा राजा

गंजिफाकाका चिडले की पत्ते फेकत नसत. पेटीत परत ठेवत. एकेक, पुसून. ते ठेवून होईपर्यंत आपला जीव नुसता वर-खाली. "उठा. तुम्ही मोबाइलवरच खेळा," एवढंच म्हणत.

पत्ते साधे नव्हेतच. आजोबांनी सावंतवाडीहून आणलेली दशावतारी गंजिफा. गोल, लाखेची, हाताने रंगवलेली, रंगाचे उंचवटे बोटांना लागणारी. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा. जुन्या वस्तू जमवणारे त्यापायी पनवेलला हेलपाटे घालत. काका त्यांना चहा पाजत आणि म्हणत, "काचेत ठेवायचंय? मग आधी मला ठेवा."

नियम कडक. दिवसा उतारी, म्हणजे डावाची सुरुवात, रामाच्या राजाने करायची, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या. अलीकडे एक नवं खूळ काढलं होतं, पान टाकताना त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी शेजारीण, रोजची भिडू. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय!

त्या दिवशी त्यांची लेक नीला बेंगळुरूहून आली होती. "बाबांना एकटं जमत नसेल तर या वेळी घेऊनच जाणार," असं तिने मला जिन्यातच सांगितलं होतं. काका दुपारी झोपले ते फार उशिरा उठले आणि तसेच खेळायला बसले. वीज गेलेली, बाहेर काळोख. नीलाने मोबाइलचा उजेड धरला, मी पानं वाटली. कृष्णाचा राजा माझ्याकडे आला. मी तो टाकणार, तोच काकांनी आपल्या पानांवरून बोटं फिरवली आणि ठणकावलं, "राम!"

अगं बाई! काका, आणि अंधारात राम? मग त्या बोटांचा, त्या नाव घेण्याचा अर्थ लख्ख कळला. माणसाला दिसतच नव्हतं. नीला माझ्याकडे बघत राहिली. मी मुकाट्याने दुसरं पान टाकलं, नाव घेतलं. तिनेही घेतलं, पण डोळे बाबांच्या बोटांवरच.

इतक्यात वीज आली. शेजारच्या टीव्हीवर रात्रीची मालिका दणक्यात सुरू झाली. काकांचा हात हवेतच थांबला.

"अंधार पडलाय होय गं?"

ते पत्ते गोळा करायला लागले. माझ्या हातातली पानं घेताना कृष्णापाशी त्यांचं बोट अडलं.

पुढच्याच आठवड्यात नीला त्यांना घेऊन निघाली; गंजिफाही विकून टाकायची म्हणाली. गाडीत बसताना काकांनी माझ्या मुठीत एक पान कोंबलं. "हातात असून गप्प बसलीस. ठेव तुझ्याकडे. आता बघू, हा संच कोण विकत घेतो!" मी रडले, सरळ सांगते.

काल नीलाचा फोन आला. "गंजिफा घ्यायला एक जण आलाय, पण एक राजा कमी भरतोय. बाबा म्हणतात, पनवेललाच राहिला असणार, मलाच जाऊन शोधायला हवा. जेवत नाहीयेत गं नीट. काय करू?"

"घेऊन ये त्यांना," मी म्हटलं. "पण पोचा अंधार पडल्यावर. उतारी कृष्णाची आहे."