गच्चीवरचं ऊन

लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांच्या शर्टांना तेलाचा वास असायचा. रिफायनरीतली नोकरी, कितीही साबण घासला तरी तो वास जायचा नाही. हे निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी त्याच कंपनीने आमच्या लालबागच्या चाळीला गच्चीवर सोलर पॅनेल फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. जिन्यातले दिवे उन्हावर चालणार म्हणे.

चाळीची मीटिंग भरली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मालवणच्या, भीडभाड कोणाची नाही. म्हणाल्या, "करून करून भागले नि देवपूजेक लागले! जल्मभर धूर सोडल्यानी, आता उन्हाचो पुळको इलो." सगळे हसले. मलाही हसू आलं. खोटं काय होतं त्यात?

हे मात्र उभे राहिले. "कंपनीचं सोडा. दिवे लागतील, त्याची जबाबदारी माझी."

घरी आल्यावर मी चिडलेच. "कशाला आपणहून पायावर धोंडा मारून घेता?"

"अगं, त्या धुरावरच पोरं शिकली आपली," हे म्हणाले. "आता तिथून काही बरं येत असेल, तर मी हात वर करून बसू?"

पॅनेल आले. वायरमनच्या आधी फोटो काढणारी माणसं आली, ते सोडा. पण दिवे झकास लागले. हे रोज सकाळी गुडघे धरत गच्चीवर जायचे आणि ओल्या फडक्याने काचा पुसायचे. देवघरातली भांडीसुद्धा ह्यांनी कधी इतक्या निगुतीने पुसली नव्हती.

आणि एप्रिलमध्ये, ऊन नुसती आग ओकत असताना, संध्याकाळी जिना अंधारात जायला लागला. कंपनीला फोन केला, तर "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. वहिनी टॉर्च घेऊन खाली उतरताना आमच्या दारासमोर मुद्दाम थांबायच्या. "बघा, तेलवाल्यांचा ऊन!" ह्यांनी गॅलरीत बसणं सोडलं. चाळीतला माणूस गॅलरीत बसेनासा झाला, की काहीतरी फार बिनसलंय असं समजावं. मला ह्यांची कीव यायची आणि वहिनींचा असा राग यायचा, की विचारू नका.

एका दुपारी हे अर्ध्या ताटावरून उठले आणि वर गेले. मीही मागोमाग गेले. पाहते तर पॅनेलांवर जुनी पातळं पसरलेली आणि त्यांवर वहिनींचे पोह्याचे पापड! वर्षानुवर्षं त्यांची वाळवणाची जागा तीच. जागेवर काचा आल्या, म्हणून पापड काचांवर गेले. शिवाय काच छान तापते. उन्हं कलली की सगळं गोळा करून न्यायच्या, म्हणून सकाळी ह्यांना काचा रिकाम्याच दिसायच्या.

मी पदर खोचला. "आता चाळीसमोर मांडतेच सगळं."

ह्यांनी माझा हात धरला. "नाव घ्यायचं नाही. जागा आपण घेतली त्यांची, विचारलं होतं का कोणी?"

रविवारच्या मीटिंगमध्ये हे एवढंच बोलले, की काचांवर काही पसरलं तर बॅटरी भरत नाही, आणि वाळवणासाठी टाकीच्या बाजूला मी मचाण बांधून देतो. कोणाचं वाळवण, ते नाही सांगितलं. तेवढ्यात वहिनी उठल्या. आता पुन्हा तोफ डागणार, असं मला वाटलं.

"पापड माझे होते," त्या म्हणाल्या. "माका काय ठावक! पन एक सांगतंय. त्या कंपनीवर माझो इस्वास आज पन नाय. भावोजींवर आसा."

ह्यांचे डोळे भरून आले.

"कंपनीवर माझाही नाही, वहिनी," हे म्हणाले. "जन्म काढलाय मी तिथे."

एवढ्या वर्षांत हे वाक्य ह्यांनी माझ्यापाशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.