चुलीपुढचा दम

बालाघाटच्या शाळेत मी कबड्डी खेळायचे, आणि रोज संध्याकाळी मैदानावर जायच्या आधी माय मला चुलीपुढे बसवायची. लाकडं मेली कायम ओली. फुंकणी तोंडाला लावून पाव तास फुंकावं, तेव्हा कुठे जाळ धरायचा आणि भात चढायचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"माय, माहा सारा दम या चुलीत जाते! मैदानात काय कप्पाळ खेळू?"

"अन् जेवाले मैदानावर भेटन काय तुले?" ती म्हणायची.

जबलपूरच्या स्पर्धेला जायच्या जिल्हा संघाची निवड आमच्याच मैदानावर ठरली. मला त्या संघात जायचंच होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. निवडीच्या दिवशी खेळाच्या मॅडमनी बजावलं, "चुपचाप बैठो, दम बचाकर रखो." मी घरी येऊन जाहीर केलं, आज चुलीला हात लावणार नाही. माय स्वतःच फुंकत बसली, मला म्हणाली, "तू पडून राह्य." मी पडून राहिले. मग भरली घागर डोक्यावर असल्यासारखी हळूहळू चालत मैदानावर गेले.

पहिलीच चढाई माझी. रेघ ओलांडून चार पावलं गेले नाही तोच छाती आवळली, दम तुटला आणि धरली गेले. पुढच्या चढाईलाही तेच. तिसऱ्या वेळी छाती मोकळी झाली, दोघींना शिवून आले, पण तोवर नावं लिहून झाली होती.

घरी येऊन सगळा राग मायवर काढला. "तुह्या चुलीनं माही छाती खाल्ली! रोज रोज फुंकून दम उरलाच नाही!" तिनं मान खाली घालून भात वाढला.

पुढच्या आठवड्यात माय लग्नाला किरनापूरला गेली. चूल माझ्या गळ्यात. चिडून चिडून फुंकलं आणि मैदानावर गेले, तर पहिल्याच चढाईत एका दमात तिघी बाद! दुसऱ्या दिवशी शेजारणीनं भात दिला, फुंकावं लागलं नाही, आणि दम पुन्हा तुटला. तिसऱ्या दिवशी फुंकलं, पुन्हा जमलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. फुंकून दम जात नव्हता, जागा होत होता. असा संताप आला, मॅडमचा आणि त्याहून माझा! ही अक्कल आठ दिवस आधी आली असती तर काय बिघडलं असतं?

माय परत आली त्या संध्याकाळी मी आपणहून फुंकणी घेऊन बसले. ती धावत आली, माझ्या हातातून फुंकणी काढून घेतली.

"ठेव ते, बाई. माह्यापायी जबलपूर गेलं तुहं. आता फुंकू नको."

तिला खरं काय ते सांगायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की तिला उगाच बोलले. तेवढं तोंड उघडलं नाही.

"हौ," म्हणाले आणि मैदानावर गेले. पहिल्याच चढाईला दम तुटला.