विमानांची हजेरी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पाल दिसली की मी खुर्चीवर चढतो. शाळा तपासणीला साहेब येणार म्हटलं की माझं पोट दोन दिवस आधी बिघडतं. आणि अशा माणसाला आवड कसली, तर लढाऊ विमानांची. बायको म्हणते, ज्याला जमिनीवर धीर नाही त्यानं आभाळाकडेच बघावं.

मी धरणगावच्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. पत्र्याचा कूलर घ्यायला एका दुकानात गेलो होतो. मालक माझ्याच वयाचा, खाली बसून पत्रा कापत होता. तेवढ्यात वर गडगडाट झाला आणि हा माणूस कात्री, पत्रा, गिऱ्हाईक सगळं टाकून रस्त्यावर धावला. मीही मागोमाग धावलो. दोघं डोळ्यांवर हात धरून उन्हात उभे.

"सुखोई शे," तो अहिराणीत म्हणाला. "दोन इंजिनं शेतस. आवाज ऐका ना."

कूलर त्या दिवशी राहिलाच, दोस्ती झाली. तो शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून नमाजला जाई. त्या वाराला मी जरा उशिरा जायचो, एवढाच काय तो आमच्यातला फरक मला तेव्हा माहीत होता.

माझं लाडकं मिग-२१. नाकाला भोक, भोकात शंकू, एकच इंजिन. विमान कसलं, इंजिनावर माणूस बसवलेला. ते उतरतंही इतकं वेगात की प्रत्येक उतरणं म्हणजे बोर्डाची परीक्षा. आत बसणाऱ्याला भीती वाटत नसेल का, या एका प्रश्नापायी मी त्याच्या प्रेमात पडलो. माझ्या दोस्ताला मात्र जग्वारच हवं. कारण काय, तर सगळ्यांची क्षेपणास्त्रं पंखाखाली लटकतात, याची पंखावर बसवलेली. "ज्यानी हाई बनाडं, तो पक्का कारागीर शे," तो म्हणायचा. जन्मभर पत्रा वाकवणाऱ्या माणसाचं ते मत होतं, त्यामुळे मी वाद घालत नसे. पण जग्वार आमच्या आभाळात कधी फिरकलंच नाही. यायची बहुतेक सुखोईच, नाशिकच्या बाजूनं.

मास्तर माणूस, नोंद केल्याशिवाय मला राहवेना. शाळेत एक कोरं हजेरीपत्रक पडून होतं, ते मी उचलून आणलं. मुलांच्या नावांच्या जागी विमानांची नावं घातली. दिसलं की लाल पेनानं हजर, शेजारी वेळ, दिशा आणि संख्या. जग्वारपुढे वर्षानुवर्षं गैरहजर. ते हजेरीपत्रक दुकानातच राहायचं.

मग माझी बदली नरडाण्याला झाली, तर आम्ही त्यातूनही वाट काढली. नरडाण्यावरून विमान पूर्वेकडे गेलं की मी फोन करायचो, "पाहुणे निघाले, दोन आहेत." चारेक मिनिटांत उलटा फोन, "पाहुणे उनात!" म्हणजे आले. ज्या वाटेला पॅसेंजरला तासाच्या वर लागतो ती चार मिनिटांत. दोघंही पोरांसारखे हसायचो. रविवारी मी धरणगावला जाऊन आठवड्याची हजेरी भरायचो.

मे महिना आला आणि ते हसू आटलं. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर सायरन, आणि व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटात एकच संदेश, की सैन्याच्या हालचालींबद्दल कुठेही काही लिहू नका, पाठवू नका. शेजारचे एक निवृत्त गुरुजी ओट्यावरून हसत म्हणाले, "काय, तुमचे पाहुणे येतात की नाही हल्ली?" त्यांना गंमत वाटत होती. मला नाही. पाहुणे निघाले, दोन आहेत. हे वाक्य मी पहिल्यांदाच परक्याच्या कानानं ऐकलं.

आणि दुकानातलं ते हजेरीपत्रक! तारीख, वेळ, दिशा, संख्या. सगळं माझ्या वळणदार अक्षरात, आणि पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का. मला दोस्ताची काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. पण तो शिक्काच माझ्या डोळ्यांपुढे नाचत होता. नोकरी, पेन्शन, मुलीचं ठरत आलेलं लग्न. फोन करून "जाळून टाक" म्हणावं, तर तेही कुणी ऐकलं तर? सकाळच्या गाडीनं मी धरणगाव गाठलं.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थबकलो. दुकानात पोलीस उभा होता.

मी सरळ समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीकडे वळलो आणि दुकानाकडे अर्धी पाठ करून उभा राहिलो. माझा चेहरा असा उतरला होता की रसवाल्यानं विचारलं, "ऊन लागलं का?" चरकाच्या घुंगरांच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. पोलिसाच्या हातात हजेरीपत्रक होतं. तो त्याचा पंख्यासारखा वारा घेत होता. उकाड्यात कुणीही हाताला लागेल ते घेतो, तसं त्यानं फळीवरून उचललं असावं. त्याच्या काखेत कूलरच्या गवताची गुंडाळी होती. म्हणजे तो चौकीच्या कूलरसाठी आलेला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात त्यानं ते उघडलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि मान वर करून काहीतरी विचारलं.

दहा पावलांचं अंतर होतं. पलीकडे जाऊन म्हणायचं होतं, "साहेब, हे माझं आहे. मी शिक्षक आहे, ते माझं वेड आहे." मास्तरांच्या शब्दाला आमच्याकडे अजून मान आहे. तो हसला असता, फार तर मला येडं म्हणाला असता. मला हे सगळं त्या क्षणी नीट कळत होतं. माझे पाय हलले नाहीत. दोस्तानं उत्तर देण्याआधी समोर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. रसाचा ग्लास माझ्या तोंडाशी होता. त्यानं नजर काढून घेतली, जसा काही मी अनोळखी वाटसरू. मग हसून पोलिसाला काहीतरी सांगितलं. पोलीस त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग हजेरीपत्रक फळीवर टाकून निघून गेला.

मी तो गल्लीबाहेर पडेपर्यंत थांबलो. मग रुमालानं तोंड पुसत, नुकताच पोचल्यासारखा दुकानात शिरलो.

दोस्ताच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी लेट व्हती का, गुरुजी?"

"हो," मी म्हणालो. "लेट होती."

त्यानं मान हलवली. पोलिसाला काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. विचारायची सोय मी स्वतःच घालवली. मी काही बोलण्याआधी त्यानंच हजेरीपत्रक उचललं. "जाळी टाकूत. तुमना नोकरीना सवाल शे." पत्र्याच्या सांध्यांना कथलाचा डाग द्यायची शेगडी पेटलेलीच होती. पहिलं पान त्यानं शिक्क्याचं फाडलं. बाकीचं एकेक पान घालत गेला, शेवटी पुठ्ठा. स्वतःबद्दल तो एक अक्षर बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मला फक्त हायसं वाटलं. याची लाज मला परतीच्या गाडीत अमळनेर गेल्यावर वाटली.

त्यानंतर आमचा फोन नाही. सीमेवर शांत झालं, शाळा सुरू झाल्या, मिग-२१ निवृत्त झालं तेव्हाही मी नंबर काढला आणि परत ठेवून दिला.

परवा मात्र गेलो. कूलरची मोटर हे निमित्त. त्यानं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला, घरची चौकशी केली. सगळं पूर्वीसारखं. मग दक्षिणेकडून आवाज आला, खालून, घरांच्या गच्च्यांवरून आल्यासारखा. गल्लीतली माणसं बाहेर आली. मीही धावलो. आडवे पंख पाठीवर बसवलेले, चोचीसारखं नाक. इतक्या वर्षांत एकदाही न आलेलं. मी भान विसरून ओरडलो, "जग्वार! अरे, जग्वार आहे!"

मागे हातोडा पत्र्यावर पडत होता. विमान जवळ आलं तसा जोरात, आणखी जोरात, आवाज बुडेपर्यंत. मी वळून पाहिलं. तो मान खाली घालून सपाट झालेला पत्राच पुन्हा सपाट करत होता.

"अरे, तुझं जग्वार," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. "तुम्ही देखा, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "तुमले चालस."